आजीच्या स्वाधीन असलेले मूल आजारी पडते तेव्हा

दसरा-दिवाळी उलटली म्हणजे बीड जिल्ह्यातील पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर आणि शेजारच्या पाथर्डी ह्या भागांतील गावे अर्धी रिकामी होतात. तरणी माणसे कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा त्या कामाचा हिशेब आहे. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे बहुधा मार्च-एप्रिलपर्यंत, ही माणसे परत येत नाहीत. अंगावर पिणारे लेकरू आईबरोबर कोपीत जाते. त्याहून मोठी मुले, विशेषतः शाळेत नाव घातलेली व त्यांच्या पाठची, आजी-आजोबांच्या स्वाधीन राहतात. अशा गावी थंडीच्या दिवसांत रविवारी उपासनेस बसलेल्या मंडळीकडे पाहिले, तर पांढरी डोकी आणि लहान डोकी तेवढी दिसतात. मधले वय दिसत नाही.

शहरातही हाच प्रकार दुसऱ्या रूपाने चालू आहे. मुलगा व सून दोघेही नोकरीस जातात, आणि गावाकडून आणलेली आजी दिवसभर एका खोलीत नातवास सांभाळीत बसते. परंतु तेथे संध्याकाळी आईबाप घरी येतात. फडावर गेलेले आईबाप येत नाहीत, म्हणून ह्या पाठात मुख्यत्वेकरून गावच्या आजीविषयीच बोलू.

वाचकहो, मूल आजारी पडले असता जी हानी होते, तिचा पुष्कळसा भाग अज्ञानामुळे होत नाही. तो वाट पाहण्यामुळे होतो. आजीला कळलेले असते, मात्र तिला हुकूम नसतो. समजा, दोन वर्षांच्या नातवास सायंकाळपासून जुलाब लागले आहेत. आजी रात्रीतून चार वेळा उठून त्याच्या अंगाला हात लाविते. पहाटे तिला ते मूल निराळे दिसते. काय निराळे, हे तिला सांगता येत नाही. पण जिने पाच-सहा लेकरे वाढविली तिचे डोळे फसत नाहीत. ती शेजारच्या मुलाकडून फोन लावून घेते. मुलगा पहाटेच फडात गेलेला असतो आणि फोन कोपीत राहिलेला असतो. दुपारी त्याचा उलट फोन येतो. तोपर्यंत अर्धा दिवस गेला. दवाखान्यात नेले आणि विशेष काही निघाले नाही, तर पैसे उगाच घालविले असे होईल. नेले नाही आणि काही बरेवाईट झाले, तर सुनेला तोंड कसे दाखवावे? स्वतःच्या लेकरापेक्षा नातू जड असतो तो ह्यामुळे. तो दुसऱ्याची ठेव असतो.

ह्या अडचणीचा उपाय पुढे सांगावयाचा आहे. तत्पूर्वी आजीने काय ओळखावे आणि घरी काय करावे हे पाहू, कारण ज्याला ओळखता येते त्यासच हुकूम देण्यात अर्थ आहे.

सर्वांत आधी जुलाब. लहान मूल जुलाबाने मरत नाही. अंगातले पाणी व मीठ निघून गेल्याने मरते. गळक्या घागरीचे भोक तत्काळ बुजविता येत नसेल, तर वरून पाणी घालीत राहणे एवढेच हाती असते. भोक कालांतराने आपोआप बुजते. आपल्याकडे पूर्वापार याच्या उलट समजूत आहे. पोटात घातले तर आणखी होईल, म्हणून पाणी तोडावयाचे, दूध तोडावयाचे, आणि मूल पाणी पाणी करीत असता त्याला कोरडे ठेवावयाचे. ही समजूत आजवर किती लेकरांस भोवली असेल ह्याची गणती नाही.

पाणी पाजण्याचा गुण किती मोठा, हे १९७१ साली बंगालात दिसून आले. बांगलादेशच्या युद्धामुळे लक्षावधी निर्वासित सीमा ओलांडून आले, आणि बनगाव येथील छावणीत पटकीची साथ सुरू झाली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले होते, आणि रुग्ण जमिनीवर ओळीने पडलेले होते. तेथे डॉ. दिलीप महालनबीस नावाच्या बालरोगतज्ज्ञाने एक धाडस केले. साखरेच्या जातीचे ग्लुकोज, साधे मीठ आणि खाण्याचा सोडा ह्यांच्या पुड्या कलकत्त्यास भरवून घेतल्या, त्या स्वच्छ पाण्यात कालविल्या, आणि ते पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती देऊन पाजावयास सांगितले. पाजणारे कोणी शिकलेले परिचारक नव्हते. घरचीच माणसे होती. शंभरांतून सुमारे तीस माणसे जेथे दगावत होती, तेथे ह्या पाण्याने तो आकडा चारांच्याही खाली आला. १९७८ साली लंडनच्या एका थोर वैद्यकीय पत्राने ह्या शोधास शतकातील सर्वांत महत्त्वाच्या शोधांत गणले. डॉक्टर २०२२ साली वारले, आणि पुढील वर्षी भारत सरकारने त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण दिले. मीठ-साखरेचे हेच पाणी आज ओआरएस ह्या नावाने ओळखले जाते, आणि त्याची पुडी आशाताईकडे, अंगणवाडीत व प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते.

पुडी घरात असूनही पुष्कळ ठिकाणी गुण येत नाही, ह्याचे कारण ती कालविण्यातील चूक होय. मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते. बाजारात लहान पुडीही मिळते. ती एका पेल्याची, म्हणजे २०० मिलिलिटरची असते. पुडीवर लिहिलेले असते, पण आजीला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातीकडून वाचवून घ्यावे. मोठी पुडी एका पेल्यात घातली तर ते पाणी फार खारट होऊन मुलास अपाय करते. लहान पुडी लिटरभर पाण्यात घातली तर त्यात काही राम राहत नाही. अर्धी आज, अर्धी उद्या अशी पुडी तोडू नये. सर्व पुडी एकदम कालवावी, झाकून ठेवावी, आणि चोवीस तासांनी उरलेले पाणी ओतून द्यावे. लिटरचे माप म्हणून बाजारातील पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली धुऊन ठेविली म्हणजे झाले. पाणी उकळून गार केलेले असावे. पुडी मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. शीग लावून चमचा भरावयाचा नाही. बोटाने वरचे सपाट करावयाचे. भाताची पेज थोडे मीठ घालून, पातळ ताक, वरणाचे पाणी ही सर्व चांगली. चहा, आणि बाटलीतली गोड रंगीत पेये मात्र जुलाब वाढवितात. खोक्यातून मिळणाऱ्या कित्येक गोड पेयांवर ओआरएस ही अक्षरे छापलेली असत. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे झगडा केला, तेव्हा कोठे ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारच्या अन्न खात्याने ती अक्षरे अशा पेयांवर घालण्यास मनाई केली. दुकानदाराने असले जुने खोके पुढे केले, तर ते घेऊ नये.

पाजण्याचीही रीत आहे. मूल तहानलेले असते; पेला तोंडाला लाविला की घटाघटा पिते आणि लगेच ओकते. मग आजी म्हणते, ह्याला पाणी सोसत नाही. तसे नव्हे. दोन वर्षांच्या आतील मुलास चमच्याने, दर मिनिट-दोन मिनिटांस एक चमचा, असे पाजावे. ओकले तर दहा मिनिटे थांबावे, आणि मग अधिक सावकाश पुन्हा पाजू लागावे. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतील मुलाच्या पोटात पाव ते अर्धा पेला जावा, त्याहून मोठ्याच्या अर्धा ते एक पेला. हे काम कंटाळवाणे आहे. घरात तरणी सून असती तर ती तासाभरात कंटाळून उठली असती. आजीजवळ वेळ व धीर दोन्ही असतात, म्हणून ह्या एका कामात तिच्याइतका चांगला परिचारक दुसरा नाही, असे मला वाटते. खाणे तोडू नये. मऊ भात, वरण, केळे, दही, जे मूल खाईल ते थोडे थोडे द्यावे. जुलाब बंद करणाऱ्या मोठ्या माणसांच्या गोळ्या मुलास कधीही देऊ नयेत. पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया मूल दिवसभर पडून राहावे म्हणून त्यास अफूची गोळी चारीत; जुलाब कोंडून टाकणारी गोळी ही तिचीच बहीण आहे.

आता टाळूविषयी. अंगावरच्या किंवा वर्षाच्या आतबाहेरच्या मुलाची टाळू खाली बसली म्हणजे गावोगाव तेल भरण्याचा, टाळा वर उचलण्याचा उपचार करितात. येथे आजीचे निरीक्षण अगदी खरे आहे, फक्त कारण चुकले आहे. टाळू बसल्यामुळे मूल आजारी पडले नाही. अंगातील पाणी आटल्यामुळे टाळू बसली. ती तेलाने वर येत नाही. पोटात पाणी गेले की आपोआप वर येते. दीड वर्षानंतर टाळू भरून येते, तेव्हा दुसऱ्या खुणा पाहाव्या. डोळे खोल गेले आहेत काय. रडताना आसवे येतात काय. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच बसते की वळी तशीच उभी राहते. आणि लघवी केव्हा झाली. सहा-आठ तासांत लघवी नाही, शौचात रक्त आहे, प्यावयास दिलेले सर्व ओकून पडते, अथवा मूल पिण्याइतकेही शुद्धीवर नाही, ह्यांपैकी एक जरी दिसले तरी घरचा उपाय संपला. वाटेत पाजीत पाजीत त्यास दवाखान्यात न्यावे.

दुसरे दुखणे छातीचे. थंडीच्या दिवसांत, उसाचा हंगाम ऐन भरात असता, हे अधिक होते. नाक वाहणे व खोकणे ही मुलांची नेहमीची गोष्ट आहे. त्यात घाबरण्याजोगे काही नाही. मात्र ज्याला आपल्या जुन्या बाया डबा म्हणतात, ज्यात मुलाचे पोट उडते आणि बरगड्यांखाली खड्डा पडतो, तो फुप्फुसाचा दाह होय, आणि त्याला प्रतिजैविक औषधच पाहिजे. मेळघाटात अशा मुलाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने डागण्याची चाल आहे. तिला डंबा म्हणतात. इतर भागांतही डागणारे आहेत. डागल्याने श्वास सुधारत नाही. आधीच थकलेल्या जिवाला जखमेची भर पडते.

खड्डा पडण्याच्याही आधी हे दुखणे ओळखिता येते, ते श्वास मोजून. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्या दांपत्याने निरक्षर सुइणींस हे शिकविले. अडचण अशी होती की, त्या बायांस दहापर्यंत मोजता येई, पण पन्नासपर्यंत येत नसे. तेव्हा त्यांनी मण्यांचे एक साधन केले: एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ, आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास मोजावयाचे व एक मणी सरकवावयाचा. वाळू संपेपर्यंत किती मणी सरकले, त्यावरून निदान. गावातच उपचार मिळू लागल्याने मुलांचे मृत्यू घटले, आणि तो अहवाल १९९० साली प्रसिद्ध झाला. ही युक्ती आपल्या घरी चिंचोक्यांवर करिता येते. मूल शांत असताना, शक्य तर निजलेले असताना, त्याच्या पोटावरचे कापड दूर करावे. आजोबांनी घड्याळ धरावे. पुरा एक मिनिट. आजीने दर दहा श्वासांस एक चिंचोका बाजूस ठेवावा. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या मुलाचे पाच चिंचोके पुरे झाले, किंवा एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चार झाले, तर श्वास जलद आहे असे समजावे आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे सहा. तथापि इतक्या लहान बाळाच्या बाबतीत मोजीत बसण्याचेही कारण नाही. त्याला ताप आला, ते गार पडले किंवा त्याने दूध ओढणे सोडले, की तेवढ्यावरच निघावे.

कोणी म्हणेल, म्हाताऱ्या अडाणी बाईच्याने हे कोठून होणार! जामखेडास डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले, तेव्हाही लोक असेच म्हणाले. त्यांनी गावोगावच्या अक्षरशून्य बाया निवडल्या, त्यांस पाण्याची, बाळंतपणाची व मुलांच्या दुखण्याची माहिती दिली, आणि त्या बायांनी आपापल्या गावचे आरोग्य सांभाळून दाखविले. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. त्याच मातीत वाढलेल्या आपल्या आजीस चिंचोके मोजता येणार नाहीत काय?

तापाविषयी थोडक्यात सांगतो. तळहात ताप आहे एवढे सांगतो, किती आहे ते सांगत नाही; म्हणून घरात तापमापक असावा. मुलास गोधड्यांत गुंडाळू नये. अंग कोमट पाण्याने पुसावे, बर्फाने किंवा गार पाण्याने नव्हे. औषध म्हणजे फक्त पॅरासिटामॉल, आणि तेही डॉक्टरांनी मुलाच्या वजनावर ठरवून दिलेल्या मात्रेत. दोन मात्रांत निदान चार ते सहा तासांचे अंतर, आणि दिवसरात्र मिळून चारांहून अधिक मात्रा नाहीत. येथे एक खाच आहे ती नीट ध्यानात घ्यावी. हे एकच औषध निरनिराळ्या कसाचे मिळते. दहा किलो वजनाच्या मुलास जी मात्रा एका बाटलीतून सुमारे सहा मिलिलिटर होते, तीच दुप्पट कसाच्या बाटलीतून तीन होते, आणि थेंबांच्या लहान बाटलीतून अवघी दीड. मागल्या वर्षीच्या आठवणीने नव्या बाटलीतून चमचा भरला तर दुप्पट औषध पोटात जाईल. म्हणून बाटली बदलली की मापही पुन्हा विचारून घ्यावे. मोठ्यांची ॲस्पिरिनची गोळी मुलांस देऊ नये. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासावे लागते, हिवताप व डेंग्यू ह्यांकरिता.

तापात मुलास आकडी आली तर म्हाताऱ्या माणसाचे हातपाय गळतात. कांदा हुंगविणे, जोडा नाकाशी धरणे, दातखिळीत चमचा घालणे, हे काही करू नये. मूल कुशीवर निजवावे, जवळची टणक वस्तू दूर करावी, तोंडात काहीही घालू नये, आणि घड्याळाकडे पाहावे. बहुतेक आकड्या थोड्या मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ क्रमांकास फोन करावा. थांबली तरी पहिल्या खेपेस डॉक्टरास दाखविल्यावाचून राहू नये.

खोकल्याच्या गोड औषधाविषयी कडक बोलणे भाग आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी द्रव मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलांची मूत्रपिंडे बिघडून ती दगावली. त्यांतील कित्येक उपचारासाठी नागपुरास आणलेली होती. त्या आईबापांनी औषध विकतच घेतले होते, आणि प्रेमानेच पाजले होते. साध्या खोकल्यास लहान मुलास औषध लागतच नाही. चार वर्षांच्या आतील मुलांस सर्दीची काही मिश्र औषधे देऊ नयेत, असा इशारा बाटलीवर छापण्याचा हुकूम सरकारने २०२३ सालीच काढला आहे. वर्षावरील मुलास कोमट पाण्यात थोडा मध पुरे. वर्षाच्या आत मधही नको, कारण त्यातील एका जंतूमुळे कोवळ्या बाळास लुळेपणा येऊ शकतो. बाळगुटी उगाळून चाटविताना ही गोष्ट पुष्कळ घरी विसरतात.

औषधांचा विषय निघालाच आहे, तर आजीच्या स्वतःच्या पिशवीकडेही पाहू. रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या उशाशी, डब्यात, लुगड्याच्या गाठीत असतात. मधुमेहाची एक गोळी दोन वर्षांच्या मुलाने गिळली, तर त्याच्या रक्तातील साखर इतकी उतरते की ते बेशुद्ध पडू शकते. पिशवी उंच खुंटीस टांगावी. तसेच, आजोबांचा खोकला दोन आठवड्यांहून जुना असेल तर ‘म्हातारपणचा खोकला’ म्हणून सोडून देऊ नये. क्षयाचा जंतू घरातल्या लहान मुलास सर्वांत लवकर गाठतो. थुंकी तपासून घेणे नातवाकरिता आहे, स्वतःकरिता वाटत नसले तरी.

आता हुकुमाची गोष्ट. फडावर निघण्यापूर्वी बैलगाडीत काय काय घालावयाचे ह्याची याददास्त प्रत्येक घरी होते. मुलाच्या आजारपणाचा विचार क्वचित होतो. निघण्याच्या आदल्या रात्री मुलाने आणि सुनेने, दोघांनीही, आजी-आजोबांसमोर बसून उघड शब्दांत सांगावे: “आत्याबाई, तुम्हाला वाटले की न्यायचे, तर न्या. आम्हाला विचारत बसू नका. खर्च झाला तर झाला.” सुनेने बोलावे हे विशेष महत्त्वाचे, कारण आजीला भय असते ते तिच्या मनाचे. हे शब्द आजोबांच्या कानांवरही पडले पाहिजेत. पुष्कळ घरी पैसा त्यांच्या कनवटीस असतो, आणि ‘सकाळी पाहू’ हे वाक्यही बहुधा त्यांचेच असते.

शब्दांबरोबर वस्तूही ठेवाव्या. मुलाचे लसीकरणाचे कार्ड आजीला ठाऊक असलेल्या जागी असावे. थोडे पैसे निराळ्या पुरचुंडीत, दुसऱ्या कशासही हात लावावयाचा नाही अशा बोलीने, ठेवावे. एका जाड कागदावर मोठ्या आकड्यांनी आशाताई, मुकादम, गावातील गाडीवाला आणि १०८ असे फोन लिहून तो दाराच्या आत चिकटवावा. ज्या आजीला आकडे वाचता येत नाहीत तिच्यासाठी शेजारच्या एका घराशी आधीच बोलून ठेवावे की, रात्री हाक आली तर उठावयाचे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार फुकट केलेले आहेत. ही बातमी अजून पुष्कळ म्हाताऱ्यांस पोचलेली नाही, आणि केवळ पैशाच्या भयाने त्या घरी थांबतात.

दूर बसलेल्या आईबापांचेही एक कर्तव्य आहे. फोनवर पहिला प्रश्न “कशाने झाले?” हा नसावा. त्या प्रश्नाने आजी आरोपी होते, आणि पुढचे उत्तर ती झाकून देते. “पितोय का? लघवी केव्हा केली? श्वास कसा चालतो?” असे विचारावे. आजी म्हणाली, मला हे लेकरू बरे दिसत नाही, तर वाद न घालता “न्या” एवढेच म्हणावे. अनुभवी डॉक्टरही आईच्या वा आजीच्या ह्या एका वाक्यास मान देतात. दवाखान्यात जाताना आजीने औषधांच्या सर्व बाटल्या, अगदी जडीबुटीची पुडीसुद्धा, पदरात घेऊन जाव्या आणि लपवू नयेत; डॉक्टर रागावले तरी रागावू द्यावे. रात्र जागून झालेल्या बाईचा दुसरा दिवसही मुलापाशीच जातो, तेव्हा शेजारणीने वा मंडळीतील एखादीने दोन तास येऊन बसावे आणि म्हातारीस झोपू द्यावे. थकलेला हात चमचा चुकवितो.

मूल उठून खेळू लागले म्हणजे काम संपले असे घरातील सर्वांस वाटते. जुलाबाने झिजलेल्या मुलास पुढील दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावे. भाकरी दुधात कुसकरून, वर थोडे तूप किंवा तेल. पुडीबरोबर जस्ताच्या चौदा गोळ्या मिळतात. सहा महिन्यांवरील मुलास रोज एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळास अर्धी, चमचाभर पाण्यात विरघळवून. जुलाब थांबले की ह्या गोळ्या कोनाड्यात पडून राहतात; पण पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब लागू नयेत म्हणून पुरे चौदा दिवस द्यावयाच्या आहेत. आजीने रोज गोळी दिल्यावर चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढावी, आणि चौदा रेघा झाल्यावर पुसून टाकाव्या.